पावसाचा ताळेबंद आणि डोहाचा वाटा

(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं)

या वेळची बहुतेक पत्रं पाऊस संपल्यानंतरच्या पाण्याबद्दल आहेत. गावाला ते किती महिने पुरवायचं, अडवायचं कुठे, आणि नदीत किती ठेवायचं? त्यांतली सात पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : आमचं गाव माण तालुक्यात, माणगंगेला मिळणाऱ्या एका ओढ्यावर आहे. शिवार साधारण १,००० हेक्टर, त्यातला ३०० हेक्टर डोंगर. लोकसंख्या २,०००. जलसंधारणाची कामं भरपूर झाली, तरी दर एप्रिलला टँकर येतोच. यंदा ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचं ठरलंय. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सुरुवात पर्जन्यमापकापासून करा. तालुक्याची सरासरी घेऊन केलेला ताळेबंद पहिल्याच ओळीत चुकतो. माणदेशात एका वाडीवर ६० मिलिमीटर कोसळतो आणि पुढच्या वाडीची धूळही बसत नाही. महसूल मंडळाचा आकडा ताडून पाहायला ठेवा, पण गावात निदान दोन मापकं बसवा, एक डोंगराच्या पायथ्याला आणि एक खाली शिवारात. जवळच्या झाडाची किंवा भिंतीची जितकी उंची, तिच्या दुप्पट अंतर सोडून जागा निवडा. नोंद रोज सकाळी साडेआठला, एकाच माणसाने घ्यायची. विकतचं मापक नसेल तर वरपासून खालपर्यंत सारख्याच व्यासाचा डबा चालतो. त्यात पाणी जितके मिलिमीटर उभं राहील तितका पाऊस. निमुळती बादली मात्र नको.

आता हिशेब. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर. हजार घनमीटरला टीसीएम म्हणतात, ताळेबंद त्यातच मांडा म्हणजे शून्यांचा गोंधळ होत नाही. समजा तुमच्याकडे ४८० मिलिमीटर पाऊस झाला. २० टक्क्यांहून जास्त उताराचा डोंगर मुरणाऱ्या क्षेत्रात धरायचा नसतो, कारण तिथलं पाणी घसरत खाली येतं. राहिले ७०० हेक्टर. त्यावर पडलेलं पाणी ३,३६० टीसीएम. हा आकडा ऐकून ग्रामसभा खूश होते आणि नेमकी इथेच फसगत होते. यातलं बरंचसं पाणी मातीचा ओलावा होऊन खरिपाने आणि उन्हाने आधीच संपवलेलं असतं, काही ओढ्याने निघून गेलेलं असतं. कुजलेल्या बेसाल्टात, म्हणजे आपल्या मुरमात, पावसाच्या साधारण ७ टक्के पाणी मुरतं. सच्छिद्र, भेगाळ मांजऱ्या खडक असेल तर १३ टक्क्यांपर्यंत. तुमच्या शिवारात दोन्ही असतील, पण पहिल्या वर्षी ७ टक्केच धरा : २३५ टीसीएम.

त्यात पाझर तलाव आणि नाला बांधांचं पाणी मिळवा. त्यांची एकूण क्षमता १२० टीसीएम असेल तर निम्मी मुरते असं धरा, म्हणजे ६०. बाकीची गाळ आणि ऊन खातं. ऑक्टोबर ते मे उघड्या पाण्यातून दीड मीटरच्या आसपास पाणी वाफ होऊन जातं. एकूण झाले २९५. यातले १० टक्के, म्हणजे ३० टीसीएम, ओढ्याच्या बारीक धारेसाठी बाजूला काढा. पावसानंतरही ओढा जो वाहतो तो याच मुरलेल्या पाण्यावर. ती धार गळती म्हणून मोजू नका. खालचं गाव आणि ओढ्यातले जीव तिच्यावर जगतात. तुमच्या हाती राहिले २६५ टीसीएम.

खर्चाची बाजू : जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी रोज ५५ लिटर, २,००० माणसं, वर्षाचे ४० टीसीएम. मोठी जनावरं १,२०० असतील तर प्रत्येकी ४५ लिटरने २०, शेळ्या-मेंढ्या २,५०० असतील तर ६ लिटरने साडेपाच. सगळे मिळून ६५. शेतीला उरले २००.

हे २०० टीसीएम फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि त्याखाली पिकं मांडा. उसाला हेक्टरी २० टीसीएम लागतं, म्हणजे १० हेक्टर ऊस झाला की गावाचं पाणी संपलं. रब्बी कांद्याला ६ धरलं तर ३३ हेक्टर. ज्वारीला दोन पाण्यांचं दीड टीसीएम धरलं तर १३३ हेक्टर. गावाने यातून स्वतःची मिसळ ठरवायची. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअरवेल आणि ऊस-केळीसारखी पिकं यांना बंदी घातली. पुरंदरमधल्या नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने वाटा जमिनीवर न ठरवता माणसावर ठरवला, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. दोन्हीकडे नियम आधी झाले आणि पाणी त्यांच्यामुळे टिकलं.

ताळेबंद तपासायचीही एक पद्धत आहे. शिवारभर विखुरलेल्या ८-१० विहिरी निवडा आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, सकाळी मोटारी सुरू व्हायच्या आधी, वजन बांधलेल्या टेपने पाण्याची पातळी मोजा. कठड्याची उंची वजा करायला विसरू नका, निम्म्या वह्या त्यानेच वाया जातात. आपल्या खडकात १०० घनमीटर जागेतून जेमतेम २ घनमीटर पाणी सुटतं. त्यामुळे ७०० हेक्टरवर पातळी सरासरी १ मीटर चढली तर १४० टीसीएम जमा झालं. मे ते ऑक्टोबर २ मीटर चढ दिसला तर २८०, म्हणजे तुमच्या २९५ शी जुळलं. खूपच कमी दिसला तर मुरण्याचा टक्का कमी करा. पिकांची यादी मात्र आहे तशीच ठेवून टक्का वाढवू नका.

आणखी दोन चुका नेहमी होतात. पाझर तलावाचं पाणी एकदा साठा म्हणून आणि पुन्हा विहिरीचं पाणी म्हणून, असं दोनदा मोजलं जातं. दुसरी चूक जास्त महागात पडते. पिण्याचं पाणी कागदावर राखून ठेवतात, पण ते कुठल्या विहिरीत राखलंय हे ठरवत नाहीत. फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांना तुमच्या गावाला १३ टीसीएम हवं आणि ते नळयोजनेच्या विहिरीखालीच असायला हवं. सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीला १९९३ च्या कायद्यापासून बंधन आहे, पण आधीपासून असलेल्या विहिरी त्याच थरातून उपसत राहतात. त्या विहिरींच्या मालकांना ऑक्टोबरच्या सभेतच बसवा आणि ‘फेब्रुवारीनंतर उभं राहील असं पीक घ्यायचं नाही’ हे लेखी ठरवा. जानेवारीत उभ्या कांद्याचं पाणी तोडायला कुणी तयार होत नाही, आणि होऊही नये.

प्रश्न : विहिरीचं पाणी उपसून अस्तरीकरण केलेलं शेततळं भरून ठेवलं तर उन्हाळ्यात उपयोगी पडेल का? (सिन्नर तालुका)

उत्तर : तुम्हाला पडेल, खोऱ्याला नाही. ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात साधारण २,२०० घनमीटर पाणी मावतं. ते ऑक्टोबरपासून भरलेलं ठेवलं तर मेपर्यंत १,३०० घनमीटरच्या आसपास उडून जातं आणि तितकं पुन्हा उपसावं लागतं. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी आपणच वर उन्हात आणून ठेवतो. शिवाय एकाने भरलं की शेजारीही घाईने भरतो. तळं वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्यावर भरा, आणि आधी तळ्यातलं वापरून विहिरीचं शेवटी वापरा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आमच्या ओढ्याचं रुंदीकरण-खोलीकरण झालं. पोकलेनने १५-१८ फूट खोदलं. पहिल्या पावसाला ओढा समुद्रासारखा भरला. पण काठच्या विहिरी आता डिसेंबरलाच खाली जातात, पूर्वी फेब्रुवारीपर्यंत टिकायच्या. असं का व्हावं? (आटपाडी तालुका)

उत्तर : ओढा विहिरींच्या पाणीपातळीच्या खाली गेला, म्हणून. पावसाळ्यानंतर काठच्या मुरमात पाणी भरलेलं असतं आणि ते हळूहळू ओढ्याकडे सरकत असतं. पूर्वी ओढ्याचा तळ वर होता, त्यामुळे ते विहिरीत टिकायचं. आता १८ फुटी चर शेजारीच उघडा पडलाय, पाणी त्यात उतरतं आणि वाहून जातं. खात्री करायची असेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढा. नळीचं एक टोक विहिरीच्या कठड्याला, दुसरं ओढ्याच्या काठावर, आणि तिथून टेप सोडा. नोव्हेंबरमधल्या विहिरीच्या पाण्यापेक्षा ओढ्याचा तळ खाली निघाला तर कारण सापडलंच.

दुसरं कारण तळाशी आहे. काठावर उभं राहून खोदलेल्या भिंतीकडे पाहा. वर हातभर काळी माती, तिच्याखाली पिवळट, हाताने चुरणारा मुरूम, आणि त्याखाली निळसर काळा पाषाण, ज्यावर बकेटच्या दातांचे ओरखडे उमटलेले असतात. ते ओरखडे दिसले त्याच्या आधीच मशीन थांबायला हवं होतं. पाषाणात भेगा नसतील तर तिथलं पाणी मुरत नाही, फक्त उन्हाला लागतं. वरून पहिल्या दोन पावसांत येणारी चिकणमाती तळावर सायीसारखी बसते आणि जो काही पाझर होता तोही बंद करते.

खोदाईत गेलेली वाळू हा तिसरा तोटा, आणि तो कुणी मोजत नाही. वाळूत साधारण ३० टक्के पोकळी असते. तिच्यात फूटभरापेक्षा खाली असलेल्या पाण्याला ऊन फारसं लागत नाही, आणि मीटरभर खाली तर जवळजवळ नाहीच. ओढ्यातली बेडकं, खेकडे, लहान मासे उन्हाळा याच ओल्या वाळूत काढतात.

उपाय असा. सलग खोदलेला ओढा पुन्हा तुकड्या-तुकड्यांचा करायचा. दर १०० ते २०० मीटरला तळात आडवा अडथळा हवा. सिमेंट नाला बांधाची जागा असेल तर तो, नाहीतर मोठे दगड आणि माती ठोकून भरलेला २० मीटर लांबीचा पट्टा. त्याचा माथा विहिरींच्या नोव्हेंबरमधल्या पाणीपातळीच्या बरोबरीला आणा आणि पाया मुरूम सोडून पक्क्या थरापर्यंत न्या, नाहीतर पाणी खालून निसटतं. प्रत्येक तुकड्याच्या वरच्या तोंडाशी कमरेइतका, दगड रचलेला गाळ-खड्डा ठेवा आणि मेमध्ये तो उपसा. काठाचा उतार निदान एकास एक करा. उभ्या कडा दरवर्षी ढासळतात आणि तोच गाळ तळाशी बसतो. उपसलेली माती काठालगत टाकली असेल तर ती हलवा, पहिल्या मोठ्या पावसात ती परत आत येते.

नवीन ठिकाणी खोदायचं झालं तर आधी मुरायची परीक्षा घ्या. तळात फूटभर व्यासाचा, दोन फूट खोल खड्डा घ्या, रात्री भरून ठेवा, सकाळी पुन्हा भरा आणि तासाभरात किती उतरलं ते मोजा. अडीच सेंटिमीटर किंवा जास्त उतरलं तर जागा चांगली. अर्धा सेंटिमीटरही उतरलं नाही तर तिथे डिझेल जाळू नका. तो पैसा डोंगरावरच्या समतल चरांना लावा. माथ्याकडून पायथ्याकडे यायचं असतं. वर चर नसताना खाली खोदलेला ओढा म्हणजे नुसता गाळाचा हौद.

प्रश्न : आमच्या कोल्हापुरी बंधाऱ्यात ऑक्टोबरला बर्गे (गाळ्यांत बसवायच्या फळ्या) घालतो, पण जानेवारीतच पाणी संपतं. गळती कशी थांबवावी? (करमाळा तालुका)

उत्तर : गळती बर्ग्यांमधून आहे की बंधाऱ्याच्या अंगातून, हे आधी पाहा. बर्गे घातल्यावर आठवड्याने खालच्या बाजूने चालत जा. गाळ्यांमधून पिचकाऱ्या उडत असतील तर दोष बर्ग्यांचा. गाळे कोरडे आणि बंधाऱ्याखाली दहा-वीस मीटरवर पाणी उमळत असेल तर पायाखालून जातंय. तिथे कितीही रबर बदललं तरी फरक पडणार नाही.

बर्ग्यांची गळती बहुतेक वेळा खोबणीतल्या गाळाने होते. खोबणी खरवडून, तारेच्या ब्रशने घासून, पाण्याने धुऊन मगच पहिला बर्गा बसवा. तळचा बर्गा उंबऱ्यावर सपाट बसला नाही तर वरचे सगळे तिरके जातात. त्या एका बर्ग्याला अर्धा दिवस लागला तरी चालेल. रबर सील दरवर्षी हाताने वाकवून बघा, तडे दिसले की बदला. बर्ग्यांना गाळ्याचे आणि ओळीचे क्रमांक रंगवा. वाकलेला बर्गा भलत्या गाळ्यात गेला की दोन बोटांची फट पडते. जुन्या पद्धतीच्या बंधाऱ्यात लाकडी फळ्यांच्या दोन ओळी आणि मध्ये माती असते. तिथे माती एकदम न ओतता वीतभर टाकून, ओली करून, तुडवायची. लोखंडी बर्ग्यांना वरच्या अंगाने काळी माती आणि पाचट लावलं तर बारीक फटी पाण्याच्या ओढीनेच बुजतात.

तारखेबद्दल सावध राहा. १५ ऑक्टोबरच्या आसपास बर्गे घालायचा रिवाज आहे, पण २०१९ आणि २०२० ला ऑक्टोबरातच जोराचा पाऊस झाला. सगळे बर्गे बसलेले असताना पूर आला की पाण्याच्या दाबाखाली ते निघत नाहीत, आणि नदी बंधाऱ्याला बगल देऊन काठची शेती घेऊन जाते. म्हणून खालच्या दोन-तृतीयांश ओळी आधी घाला. वरच्या ओळी परतीचा पाऊस गेल्याची खात्री झाल्यावर. एका गाळ्याचा वरचा बर्गा मुद्दाम चार बोटं कमी उंचीचा ठेवा, म्हणजे बंधारा भरल्यावर त्यावरून धार चालू राहते आणि खालचं पात्र कोरडं ठाक पडत नाही. मेअखेर सगळे बर्गे काढून, मोजून, कुलूपबंद ठेवा. ते जूनपर्यंत राहिले तर पहिल्या पुराचा गाळ बंधाऱ्यातच बसतो आणि वर चढणारे मासे खाली अडकतात.

प्रश्न : टँकरचं पाणी विहिरीत सोडतो. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायची? प्रत्येक जण वेगळं सांगतो. (जत तालुका)

उत्तर : विहिरीतलं पाणी आधी मोजा. व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ७८५ ने गुणा, उत्तर लिटरमध्ये येतं. ५ मीटर व्यास आणि २ मीटर पाणी असेल तर ३९,२५० लिटर. ३३ टक्के क्लोरीनची ताजी पावडर असेल तर १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे इथे सुमारे २०० ग्रॅम. पावडर बादलीत कालवून १०-१५ मिनिटं निवळू द्या. चुना तळाशी राहू द्या आणि वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत खाली-वर करा. अर्धा तास थांबून मगच पाणी काढा आणि शेवटच्या नळाला ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पाहायची) घ्या. पिवळसर रंग यायला हवा. पोतं उघडं राहिलं की पावडरीतला क्लोरीन उडतो, तो २० टक्क्यांखाली गेला की ती फेकायच्याच कामाची. उरलेलं द्रावण ओढ्यात ओतू नका, मासे मरतात.

प्रश्न : नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात सिंचनाचं आवर्तन सुटलं की पाणी उतरतं आणि चिखल उघडा पडतो. पक्ष्यांसाठी तळं भरलेलंच ठेवायला नको का? (निफाड तालुका)

उत्तर : नको. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्याने तयार झालेली ही पाणथळ जागा २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाली. तिचं मोल तिच्या उथळपणात आहे. तुतवार, पाणलावे यांच्यासारख्या चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांना घोट्याइतकं पाणी आणि उघडा चिखलच लागतो. बदकांना गुडघाभर पाण्यातली वनस्पती हवी. तळं काठोकाठ भरलं तर दोघांचीही जागा जाते. पातळी उतरण्यात वाईट काही नाही, ती उतरते कशी हे महत्त्वाचं. रोज दोन-चार बोटं उतरली तर रोज नवा ओला चिखल उघडा पडतो आणि पक्ष्यांना खाणं मिळत राहतं. एका रात्रीत हातभर उतरून आठवड्याने पुन्हा चढली तर चिखल तडकतो आणि मागाहून बुडतो. एप्रिलनंतर शेकाट्या, टिटव्या काठावर अंडी घालतात, तेव्हा पातळी अचानक चढू नये. सिंचनाचं वेळापत्रक ठरवणाऱ्या बैठकीत ही मागणी लेखी द्या, तेवढंच पाणी हळू सोडल्याने शेतीचं काही जात नाही. जलपर्णी काढताना ती फुलायच्या आधी काढा आणि काठापासून दूर वाळवा, काठावरच रचली की पहिल्या पावसात परत आत येते.

प्रश्न : सावित्रीच्या एका उपनदीवर आमच्या गावाजवळ मोठा डोह आहे. पूर्वी उन्हाळाभर कमरेइतकं पाणी असायचं, मोठे मासे असायचे. आता कलिंगड आणि भाजीसाठी तीन पंप चालतात, एप्रिलमध्ये मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात आणि मरतात. गाळ काढून डोह खोल करावा अशी सूचना आलीय. करावं का? (महाड तालुका)

उत्तर : खोदायच्या आधी उपसा मोजा. डोह ४० मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल धरला तर त्यात ७ लाख २० हजार लिटर पाणी आहे. दोन इंची पंप तासाला साधारण २०,००० लिटर उपसतो. तीन पंप रोज चार तास चालले तर २ लाख ४० हजार. वरून काहीच आलं नाही तर तीन दिवसांत डोहाचा तळ दिसेल.

वरून किती येतं तेही मोजता येतं. डोहाच्या वरच्या अंगाला दगडगोट्यांतून धार येते तिथे सरळ १० मीटरचा तुकडा निवडा, वाळकं पान सोडा आणि किती सेकंदांत पोचतं ते पाहा. रुंदी ६० सेंटिमीटर, खोली ५ सेंटिमीटर आणि वेळ ५० सेकंद असेल तर गुणाकार सेकंदाला ६ लिटर येतो; तळाजवळचं पाणी पानापेक्षा हळू वाहतं, म्हणून ५ लिटरच्या आसपास धरा, म्हणजे दिवसाला सव्वाचार लाख लिटर. जानेवारीत हे असेल तर तीन पंपांनी डोहाला काही होत नाही. एप्रिलमध्ये तीच धार सेकंदाला १ लिटर झाली की दिवसाला ८६ हजारच येतात आणि उपसा मात्र २ लाख ४० हजारांचाच राहतो. मासे पहाटे वर येतात ते यामुळेच. उथळ, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, रात्रभर तो आणखी संपतो आणि उजाडायच्या आधी सगळ्यांत कमी असतो.

तेव्हा धारेच्या निम्म्यापेक्षा जास्त उपसायचं नाही, असा नियम करा आणि दर पंधरा दिवसांनी धार मोजून पंपांचे तास ठरवा. तो पाळला जावा म्हणून राखणदार नेमायची गरज नाही. डोहाच्या कातळावर, सगळ्यांत खोल जागी कमरेइतकं पाणी उरेल अशा पातळीला तांबडी रेघ मारा. प्रत्येक पंपाचा फूट व्हॉल्व्ह (नळीच्या पाण्यातल्या टोकाची झडप) तळाशी न सोडता रेघेच्या उंचीवर, रोवलेल्या खांबाला पक्का बांधा आणि त्याला बारीक जाळी लावा. पाणी रेघेखाली गेलं की पंप हवा ओढतो आणि आपोआप पाणी सोडतो. पिकाची लागवडही त्या हिशेबाने करा. नोव्हेंबरात लावलेलं कलिंगड धार आटायच्या आत निघतं, जानेवारीत लावलेलं नाही. फवारणीचे पंप आणि औषधाचे डबे डोहात धुवायचे नाहीत, हेही त्याच बैठकीत ठरवा.

आता गाळ. वरून वाहून आलेल्या मातीने डोह खरोखर भरला असेल तर गाळ काढा, पण मोजून. खुणा केलेला बांबू घेऊन दर दोन मीटरवर खोली पाहा. बांबू मऊ मातीत किती रुततो तेवढाच गाळ, दगड लागला की तळ आला. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, डोहाच्या एका बाजूने सुरू करा आणि निम्मा डोह अजिबात हलवू नका, मासे तिकडे सरकतात. यंत्र पात्रात उतरवू नका. डोहाच्या खालच्या तोंडाशी असलेला कातळाचा किंवा गोट्यांचा उंबरा फोडू नका, पाणी धरून ठेवतो तो तोच. तो फोडून ‘पात्र सरळ’ केलेले डोह पुढच्या उन्हाळ्यात कोरडे पडतात. वरच्या अंगाचे उथळ गोटेही तसेच राहू द्या. पाणी त्यांवरून खळखळतं तेव्हा त्यात हवा मिसळते, आणि कितीतरी मासे अंडी तिथे घालतात. काठची करंज, जांभूळ, उंबर तोडू नका. त्यांची सावली पाणी थंड ठेवते आणि पाण्यात उतरलेल्या मुळ्यांत पिल्लं लपतात.

तुमच्याच तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. देवीच्या नावाने तिथे मासेमारी होत नाही, आणि म्हणून खडस मासा आजही हातभर अंतरावर पाहायला मिळतो. तुमच्या डोहालाही तितकी श्रद्धा लाभली तर उत्तम, नाहीतर ग्रामसभेचा ठराव करा : डोहात आणि त्याच्या वर-खाली १०० मीटर बारमाही मासेमारी बंद, सुरुंग, विष आणि ब्लीचिंग पावडर पूर्ण बंद. वलगणीच्या दिवसांत, जूनच्या पहिल्या पुराला चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात, तेव्हा निदान पहिले आठ दिवस जाळं लावायचं नाही. वरच्या अंगाला वनराई बंधारे (माती भरलेल्या पोत्यांचे) घातले असतील तर त्यांची पोती मेअखेर उचला. नुसती फाडून ठेवली तर प्लॅस्टिकच्या चिंध्या वाहत येऊन डोहाच्या मुळ्यांत अडकतात.

या हंगामासाठी आजच करण्यासारखं एवढंच : बांबूने खोली मोजा, पानाने धार मोजा, दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा आणि रेघ पाणी उतरायच्या आत मारून घ्या.